खांबाचा नवा करार

४ मार्च

प्रिय ताई,

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनच केला असता, पण मी फोनवर बोलायला लागले की हे शेजारी बसून पेपर वाचल्याचं सोंग करतात, आणि मला जे मागायचंय ते यांच्यासमोर मागता येत नाही.

सरळ मुद्द्यावर येते. संघाचा हंगाम या महिन्यात संपतोय आणि यांचा करारही. महिनाअखेर समिती बसेल. अध्यक्ष भावोजी, म्हणजे शेवटचा शब्द तुझाच. यांना अजून दोन वर्षं ठेवून घ्यायला सांग ना. वय अडतीस झालं म्हणून लोक बोंब मारतात, पण अडतीस म्हणजे काय म्हातारपण आहे का? बचावफळीत हे उभे राहिले की समोरच्या संघातली पोरं आजही वळसा घालून जातात. चौदा वर्षं लोक उगाच ‘खांब’ म्हणत नाहीत. पगार फार घेतात म्हणतात. घेतात, कबूल आहे, तिघांचा पगार एकटे घेतात. पण तिघं मिळून एक खांब होतो का, ते सांग.

आणखी एक, पण हसू नकोस. टेकडीवरच्या त्या शाळेने यांना खेळाचे सर म्हणून बोलावलंय. कायमची नोकरी, राहायला आवारातच तळमजल्यावर दोन खोल्या. हे म्हणतात, करार झाला नाही तरच जाईन. तूच विचार कर, ज्या माणसासाठी सगळं स्टेडियम उभं राहायचं, त्याने गळ्यात शिट्टी अडकवून मुलांच्या रांगा लावायच्या? उद्या तुलाच कुणी विचारलं, मेहुणे काय करतात, तर काय सांगशील? तशी वेळ आणू नकोस, एवढंच मागणं.

भावोजींना नमस्कार सांग.

तुझी,
धाकटी


११ मार्च

प्रिय धाकटे,

दोन वर्षांनी पत्र आलं, तेही कामाचं. चालायचंच. तू मला आठवतेस हेच खूप झालं.

गेल्या रविवारी मी ह्यांच्याबरोबर सामन्याला गेले होते. कॉर्नर मिळाला म्हणून तुझा खांब पुढे गेला. गेला तो गेलाच. चेंडू परत आला, दुसऱ्या संघाने नेला, गोल झाला, त्यांचं मिठ्या मारून झालं, तेव्हा हा मधल्या रेषेपर्यंत पोचला होता. तिथून हात वर करून ऑफसाइड मागत होता. पंचाने बघितलंसुद्धा नाही. माझ्या मागचा एक जण म्हणाला, “खांब काढायचा नसेल तर निदान वर दिवा लावा, संध्याकाळच्या सामन्याला उजेड पडेल.” सगळे हसले. मीही हसले, तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

बाकी मला एका गोष्टीची गंमत वाटते. आमचे हे त्याच संघात सहा वर्षं बदली खेळाडू होते. तुझ्या लग्नाच्या जेवणात दोनशे माणसं पंगतीला असताना तुझ्या नवऱ्याने ह्यांना हाक मारली, “ए बाकड्या, सरक जरा, नवरीला बसू दे.” तुला आठवत नसेल. तू हसण्यात गर्क होतीस. ते नाव ह्यांच्या आधी ह्यांच्या रंगाच्या कारखान्यात पोचलं. आज आमच्या रंगाच्या डब्यावरचं नाव तुझा खांब छातीवर घेऊन खेळतो, पण डबे भरणारे कामगार पाठीमागे अजून बाकड्याच म्हणतात. त्याच बाकड्याकडे आता तुझं मागणं आलंय.

समितीचं समिती बघेल. शाळेची नोकरी काही वाईट नसते गं. शिट्टीसुद्धा छान शोभते काहींना.

ताई


१५ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून मला हसूच फुटलं. चौदा वर्षांपूर्वीची थट्टा अजून उशाशी घेऊन झोपतेस? आणि खरं सांगू, बाकावर बसणाऱ्याला बाकड्या म्हटलं तर त्यात एवढं काय लागायचं? सहा वर्षांत चार सामने, तेही संघ हरायला आल्यावर. हे तर अजून नक्कल करून दाखवतात, भावोजी मैदानावर उतरायच्या आधी बुटांच्या नाड्या किती वेळ बांधायचे त्याची. घरी पाहुणे आले की ती नक्कल ठरलेली.

भावोजी माणूस म्हणून लाख चांगले. पण बाकावर बसून मैदान कळत नसतं. ज्याच्या पायाला चेंडू लागला नाही, तो यांची किंमत करायला बसणार. शाळा काय, उद्या पालिकेच्या बागेवर रखवालदार म्हणूनही पाठवतील, तेवढीच भावोजींना शांत झोप लागेल. मला माहीत आहे, तुमच्या मनात तेच आहे. हिंमत असेल तर काढून दाखवा यांना. लोक तुमच्या दारात येऊन जाब विचारतील.

राग मानू नकोस. मागणं तेच आहे, दोन वर्षं.

धाकटी


२८ मार्च

प्रिय धाकटे,

अभिनंदन! काल समिती बसली. तुझा खांब राहणार. दोन वर्षं, तोच पगार, तोच नंबर. चार जण नको म्हणत होते, प्रशिक्षक तर हात जोडत होते. पण समितीत आमच्या ह्यांचा शब्द कुणी मोडत नाही आणि घरात माझा.

दोनच अटी घातल्या. एक, एवढा पगार घेणारा माणूस बाकावर बसवणं संघाला परवडत नाही, म्हणून प्रत्येक सामना त्याने पूर्ण खेळायचा, नव्वदच्या नव्वद मिनिटं. दोन, कराराच्या काळात दुसरीकडे कुठे नोकरी धरायची नाही. बाकी नेहमीचंच, खेळायला अपात्र ठरला तर करार संपला. पाच तारखेला तो आमच्या घरी सह्या करायला येतोय. फोनवर “ताई, तुमचे उपकार,” म्हणाला.

तुझं दुसरं पत्र मी ह्यांच्या ताटाजवळ ठेवलं होतं. नाड्यांचा भाग ह्यांनी दोनदा वाचला. मग जेवले नाहीत, पेन मागितलं.

आता तुला एक आठवण करून देते. लहानपणी दर सुट्टीत आपल्यापैकी एकीला आत्याकडे पाठवायचे. खोकणारी आत्या, तिच्या औषधांचा वास, संध्याकाळी सातला दिवे बंद. तू आठ दिवस आधीपासून घर डोक्यावर घ्यायचीस, “आत्याकडे मीच जाणार, ताईला पाठवू नका!” आणि मी वेडी, तुझं काही होऊ द्यायचं नाही म्हणून हट्टाने बॅग भरायची. दोन सुट्ट्या मी आत्याची पाठ चोळत काढल्या आणि तू इथे दोघींची सायकल एकटीने फिरवलीस. जे नको असेल ते मोठ्याने मागायचं, म्हणजे ताई ते हिसकावून घेते. तिसऱ्या सुट्टीत माझ्या लक्षात आलं.

धाकटे, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांचा उल्लेख तू मुद्दाम का केलास, ते मला पहिल्या पत्रातच कळलं होतं. तू मागितलंस ते दिलंय. आता तक्रार करू नकोस.

ताई


३० मार्च

ताई,

तू जिंकलीस. माझी अक्कल कमी पडली. आता सोंग न करता लिहिते, तू बहिणीसारखं वाच.

यांचा उजवा गुडघा संपलाय. आतली गादी पुरती झिजली आहे, हाडावर हाड घासतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आणखी एक हंगाम खेळले तर सरळ चालणं विसरा. सामन्याआधी हे संघाच्या डॉक्टरला चुकवून बाहेरून इंजेक्शन घेऊन येतात. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. सकाळी हे कठडा धरून तिरके होऊन एकेक पायरी उतरतात, आणि खालून कुणी येताना दिसलं की तिथेच थांबून खिशातली किल्ली शोधल्यासारखं करतात. बर्फाच्या घमेल्यात पाय ठेवून बसतात तेव्हा तोंडात टॉवेल धरतात. मी हे दार लोटून बघितलंय.

स्वतःहून हे कधीच थांबणार नाहीत. एवढे पैसे कुणी देत असताना आपण संपलो हे कसं मान्य करायचं, असं म्हणतात. संघाने काढलं तरच शाळेत जातील. शाळेला एक जूनपर्यंत माणूस हवाय, नंतर नाही. तुला सरळ सांगितलं असतं तर तू मुद्दाम उलट करशील अशी मला भीती वाटली, म्हणून उलट मागितलं. तुझा जुना राग मी माझ्या कामाला जुंपायला गेले, ही माझी चूक. नाड्यांचं लिहिलं ते तर फारच वाईट. मी भावोजींचे पाय धरून माफी मागेन.

पाच तारखेच्या आधी करार मागे घ्या. कारण काहीही सांगा, पैसे नाहीत म्हणा. हे चार दिवस रडतील, मग सावरतील. आणि हे पत्र यांच्या नजरेस पडू देऊ नकोस. मी यांच्या पाठीमागे यांना काढायचा घाट घातला हे कळलं तर हे मला आयुष्यात माफ करणार नाहीत.

तुझ्या पाया पडते.

धाकटी


९ एप्रिल

प्रिय धाकटे,

तू म्हणालीस पत्र त्याच्या नजरेस पडू देऊ नकोस. नाही पडू दिलं. मी त्याला वाचून दाखवलं.

असं तोंडात बोट घालू नकोस. माझा हेतू चांगलाच होता. पाच तारखेला तो आला, नवा शर्ट, केस कापलेले, आमच्या चार पायऱ्या चढताना खिशात किल्ली शोधत होता. मला त्याची दया आली गं, अगदी मनापासून. म्हटलं, एवढा मोठा निर्णय, माणसाला सगळं माहीत असावं. चहा दिला आणि पहिल्या ओळीपासून वाचलं. टॉवेलचं आलं तेव्हा त्याने कप खाली ठेवला. पुढे आलं की तो संपलाय, आणि हे त्याच्या बायकोने लिहिलंय. तेव्हा तो म्हणाला, “एवढंच पुरे.” मी तरी शेवटपर्यंत वाचलं, अर्धवट सोडणं बरं नाही.

मग ह्यांनी विचारलं, “मग काय करायचं?” त्याने करार पुढे ओढला. दोन्ही अटींवर त्याने स्वतःहून दोनदा सह्या केल्या. जाताना मला म्हणाला, “ताई, माझ्यावर विश्वास असलेलं एक तरी माणूस नात्यात आहे.”

आता तू म्हणशील मी दुष्ट आहे. असेन. पण लोक नवऱ्याला हसतात ते ऐकायचं आणि तरी त्याच माणसांच्या पंगतीत वाढायचं, हे मी चौदा वर्षं केलं. तू दोन हंगाम कर.

ताई


२ ऑक्टोबर

ताई,

सहा महिने लिहिलं नाही. लिहिण्यासारखं घरात कुणी बोलत नव्हतं. हे जेवायला वाढ एवढं म्हणायचे, सरावाला जायचे, येऊन दार लावून घ्यायचे. एकट्याने जिना उतरायचे. मी मागे आले तर थांबून राहायचे, मी परत वर जाईपर्यंत.

तू वरच्या खुर्च्यांवर होतीस, मी खाली उभ्याने बघत होते. सातवा सामना. अर्धा खेळ संपला तेव्हाच यांचा पाय ओढला जात होता. सत्तराव्या मिनिटाला लोक ओरडायला लागले, “खांब काढा! खांब काढा!” ज्यांनी ते नाव दिलं तेच लोक. प्रशिक्षकांनी वर भावोजींकडे बघितलं. भावोजींनी मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं आणि मान हलवली. मी ते बघितलंय, ताई. ऐंशीव्या मिनिटाला समोरचा खेळाडू वळला, हे वळले, गुडघा वळला नाही. तो आवाज मी उभी होते तिथपर्यंत ऐकू आला.

दोन ऑपरेशनं झाली. काठीशिवाय चालता येणार नाही, पाय वाकणार नाही. चौथ्या दिवशी इस्पितळातच संघाचं पत्र आलं, खेळण्यास अपात्र, करार समाप्त. शाळेची जागा जूनमध्येच तुमच्या जुन्या गोलरक्षकाला गेली. आम्ही तिसऱ्या मजल्यावरच आहोत. हे महिनाभर खाली उतरलेले नाहीत.

मी भांडायला लिहीत नाही. भांडायची ताकद राहिली नाही. भावोजींनी कुठेतरी शब्द टाकावा, बसून करायचं काहीही काम चालेल. तू कधीतरी माझी वेणी घालायचीस, ते आठवून तेवढं कर.

आणि एक. आता घरात नियम झालाय, येणारं प्रत्येक पत्र मी आधी यांना मोठ्याने वाचून दाखवायचं. माझ्यावर यांचा विश्वास नाही. तेव्हा जे लिहिशील ते जपून लिही. यांना आता एकाच गोष्टीचा आधार आहे, संघाला शेवटपर्यंत आपण हवे होतो.

धाकटी


१० ऑक्टोबर

प्रिय धाकटे,

मोठ्याने वाचते आहेस ना? मेहुणे, ऐकताय ना?

सोबत एक कागद आहे. समितीच्या ठरावाची नक्कल. त्यावरची तारीख आधी वाच. वीस फेब्रुवारी. तुझं पहिलं पत्र यायच्या जवळजवळ पंधरा दिवस आधीची. त्यात लिहिलंय की खांबाला या हंगामानंतर सन्मानाने निरोप द्यावा, त्याच्यासाठी निरोपाचा सामना खेळवावा आणि त्याचा नंबर यापुढे कुणाला देऊ नये. सर्वानुमते. म्हणजे संघाला तुम्ही नको होतात, मेहुणे, पण नको म्हणायची रीत चांगली होती.

शाळेने बोलावलं म्हणालीस ना? शाळा कुणाला आपणहून बोलावते? मुख्याध्यापकांकडे आमचे हे तीनदा जाऊन आले होते. तळमजल्याची जागा ह्यांनीच मागून घेतली, कारण मेहुण्यांना जिन्यावर किल्ली शोधताना ह्यांनीही बघितलं होतं. मला म्हणाले, “तोंडाचा वाईट आहे, पण चौदा वर्षं त्याने संघ ओढला.” नावाचा राग मला होता. ह्यांना नव्हता. नाड्यांचं वाचेपर्यंत नव्हता.

धाकटे, तू काहीसुद्धा करायचं नव्हतंस. नुसती गप्प बसली असतीस, तरी तुला हवं ते सगळं आपोआप घरी आलं असतं.

बसून करायचं काम सध्या आमच्याकडे नाही.

ताई


१४ ऑक्टोबर

ताई,

पत्र पोचलं.

दुसऱ्या ओळीलाच मी थांबले आणि “बाकी खुशाली” असं म्हणून घडी घालायला लागले. पण ठरावाचा कागद खाली पडला. यांनी काठीने तो स्वतःकडे ओढला आणि म्हणाले, “सगळं वाच.” मी सगळं वाचलं. मी गप्प बसायला हवं होतं, तेही माझ्याच तोंडाने वाचलं.

मला वाटलं हे मारतील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. मग त्यांनी फक्त विचारलं, “निरोपाचा सामना कुणाबरोबर होता, लिहिलंय का?” मी म्हटलं, लिहिलेलं नाही. तर म्हणाले, “पाहुणा संघ चांगलाच बोलावला असता.” एप्रिलनंतर पहिल्यांदा ते माझ्याशी एवढं बोलले.

आज सकाळी मला कागद घेऊन बसवलं. पुढचं यांनी सांगितलंय, मी शब्दाला शब्द लिहिते.

“ताई, साडूंना सांगा, राग नाही. नाड्यांची नक्कल मी करायला नको होती. पगार नको. जिना उतरायला दोन माणसं लागतात, ती मी बघीन. पुढच्या हंगामात सामन्याच्या दिवशी मला संघाच्या बाकावर बसू देतील का, एवढं विचारून कळवा. अगदी कडेला बसेन.”

वरचं मागणं यांचं आहे. माझं काही मागणं नाही.

धाकटी